एकास बारा प्रमाणातले लाकडी फर्निचर: कार्यशाळेला जाण्यापूर्वी घरी काय तयारी करावी?

प्रश्न: भातुकली_बॉस्टन

नमस्कार. मी बॉस्टनजवळ राहते आणि गेली दोन वर्षे बाहुलीघरासाठी एकास बारा प्रमाणात, म्हणजे खऱ्या वस्तूच्या एका फुटाला एक इंच धरून, लाकडी फर्निचर करायला शिकते आहे. आजीच्या भातुकलीतला बोटभर उंचीचा पितळी बंब हाताळत मोठी झाल्यामुळे लहान वस्तूंची ओढ जुनीच आहे. पण शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील ६८ थॉर्न दालने, म्हणजे याच प्रमाणात सजवलेल्या चिमुकल्या खोल्या, पाहिली आणि तिथल्या खुर्च्यांचे फोटो पाहून त्या तळहातावर मावतात हे कुणाला पटू नये असे ते काम बघून, आपल्यालाही हे यायला हवे असे मनापासून वाटले.

एका शनिवार-रविवारच्या वर्गात मी एका खणाचे टेबल केले. फेब्रुवारीत खण अलगद सरकत होता. जुलैत तो इतका घट्ट बसला की ओढताना मूठच हातात आली. त्या वर्गात सगळे भाग आधीच कापून दिलेले होते, त्यामुळे चिकटवण्यापलीकडे फारसे काही शिकता आले नाही. आता मेन राज्यातील कॅस्टीन येथे लघुवस्तू करणाऱ्या कारागिरांच्या आंतरराष्ट्रीय गिल्डची, म्हणजे संघटनेची, जी आठवडाभराची शाळा असते, तिथे जाण्याचा विचार आहे. पैसे आणि रजा दोन्ही खर्ची पडणार असल्याने जाण्यापूर्वी काय तयारी करावी आणि लाकूड कोणते वापरावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर १: रंधा_पटाशी

नमस्कार ताई. मेन मेरीटाइम अकादमीच्या आवारात जून महिन्यात भरणाऱ्या त्या शाळेत मी दोनदा शिकलो आहे, त्यावरून लिहितो.

आधी खणाबद्दल. दमट हवेत लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने फुगते आणि ते रुंदीच्या प्रमाणात फुगते, त्यामुळे १२ मिलिमीटर उंचीचा आपला खण फार तर ०.१ ते ०.२ मिलिमीटर वाढला असेल. खऱ्या टेबलाचा खणही त्याच हिशेबाने दीड-दोन मिलिमीटर वाढतो, पण सुताराने तेवढी फट मुळातच सोडलेली असते. आपण नेटकेपणासाठी फट ठेवली नसणार, आणि बहुधा खणाच्या बाजूंना पॉलिशही दिले असणार. लाकूड आपण बारा पटीने लहान करतो, पण पॉलिशचा थर आणि डिंकाचा थेंब काही लहान होत नाहीत, आणि नवशिक्याची बहुतेक कामे तिथेच बिघडतात. खणाच्या बाजूंना नुसते मेण चोळा आणि वर वहीच्या दोन कागदांएवढी फट सोडा.

लाकडाची निवडही याच नजरेने करावी. सागाची आणि ओकची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. ती बारा पटीने मोठी कल्पून पाहिली तर टेबल भुंग्याने पोखरल्यासारखे वाटते. पेअर, चेरी, बॉक्सवूड यांचा पोत बारीक असतो. भारतातून आणायचे असेल तर हळदू उत्तम.

घरची तयारी म्हणाल तर मी एकच काम सांगेन. पाऊण इंची फळी या प्रमाणात १.६ मिलिमीटर जाडीची होते. तेवढ्या जाडीच्या पट्ट्या घासून, चारही कोपऱ्यांत व्हर्नियर (जाडी मोजायचे माप) लावून, जाडी सारखी येईपर्यंत करत राहा आणि त्या गुण्यात, म्हणजे अचूक काटकोनात, कापा. इथे एक मिलिमीटर चुकणे म्हणजे खऱ्या टेबलात जवळजवळ अर्धा इंच चुकणे आहे. हा हात बसला नसेल तर आठवड्यातले पहिले दोन दिवस त्यातच जातात.

कार्यशाळेत जे मिळते ते घरी मिळणे अवघड आहे, म्हणून एक प्रसंग सांगतो. वाकदार पाय करताना चौकोनी काठीच्या लगतच्या दोन बाजूंवर आकार आखतात, एका बाजूने करवतीने कापतात, निघालेले तुकडे चिकटपट्टीने पुन्हा जागच्या जागी बसवतात आणि मग दुसऱ्या बाजूने कापतात. पट्टी सोडली की चारी अंगांनी वळलेला पाय हातात येतो. माझे चार पाय मला अगदी सारखे वाटत होते. शिक्षिकेने ते काचेवर ओळीने उभे केले, मागून विजेरी धरली आणि काही न बोलता थांबल्या. तिसऱ्या पायाचा घोटा जाड असल्याचे सावलीत लगेच दिसले. पुढचे दोन तास मी तोच पाय कानशीने घासत होतो.

वर्ग निवडताना भाग कापून देतात की लाकूड देतात, हे आधी विचारून घ्या.

उत्तर २: लाखकाम

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त पॉलिशबद्दल थोडी भर घालतो. माझे आजोळ सावंतवाडीचे, तिथल्या लाकडी फळा-भाज्यांचे काम मी लहानपणापासून पाहिले आहे. ती खेळणी हाताळण्यासाठी असतात, म्हणून त्यांच्यावर रंगाचा भरपूर लेप शोभतो. प्रमाणबद्ध फर्निचरवर तसा चकचकीत थर दिला तर ते पाकात बुडवल्यासारखे दिसते. चपडी लाख स्पिरिटमध्ये अगदी पातळ विरघळवून, कापडाच्या लहान बोळ्याने तीन-चार हात द्यावेत आणि प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवावा. चमक मंद राहिली पाहिजे. तिथल्या खेळण्यांसाठी वापरला जाणारा पांगारा मात्र या कामाला घेऊ नये. तो इतका मऊ असतो की एक मिलिमीटरची कूस (सांध्याच्या खाचेत बसणारी जीभ) काढताना तिच्या कडाच चुरडतात.

भातुकली_बॉस्टन

दोघांचेही मनापासून आभार. आज खण कसाबसा बाहेर काढला. बाजूंना पॉलिशचे तीन हात दिलेले होते, आणि फट मोजायला गेले तर वहीचा एक कागदही आत जाईना. ते पॉलिश आता खरवडून काढते आहे, आणि चेरीच्या पट्ट्या मागवल्या आहेत.

रंधा_पटाशी

पट्ट्या आल्या की लगेच कापू नका, आठवडाभर घरातल्या हवेत राहू द्या.