मदत हवी आहे: फेसबुकवरच्या लिंकवर क्लिक झालंय, लवकर सांगा काय करायचं

चिंचगुळ:
नमस्कार, घाईत लिहितेय. मेसेंजरवर 'या व्हिडिओत तू आहेस का बघ' अशी लिंक आली होती, ओळखीतल्याच माणसाकडून, म्हणून क्लिक झालं. आता फेसबुक उघडतच नाहीये, पासवर्ड चुकीचा म्हणतंय. फरगॉट पासवर्ड दोनदा करून झालं, कोड येतच नाही. प्लीज लगेच सांगा, खूप टेन्शन आलंय.

नाइटशिफ्ट:
सगळ्यात आधी फोन फॅक्टरी रिसेट मार. माझ्या मेव्हण्याला ई-चलनाच्या नावाने एपीके फाइल आली, त्याने इन्स्टॉल केली, मेसेज वाचायची परवानगी पण देऊन बसला, आणि रातोरात ओटीपी परस्पर बाहेर जायला लागले. रिसेट केल्यावरच थांबलं ते.

उंबरठा:
थांबा, रिसेट करू नका. नुसतं क्लिक झालं का पुढे काही भरलंत? फेसबुकसारखं पान येऊन नंबर-पासवर्ड मागितला का? काही डाउनलोड झालं का? अँड्रॉइड का आयफोन? नुसत्या क्लिकने सहसा असं होत नाही.

चिंचगुळ:
अँड्रॉइड. डाउनलोड काही नाही. पासवर्ड बहुतेक टाकलाय.

उंबरठा:
बहुतेक म्हणजे? फोन तुमच्याच हातात होता ना?

चिंचगुळ:
सॉरी, फोन आईचा आहे, सांगायचं राहिलं. आई कराडजवळ गावी, मी पुण्यात. आत्ता फोन करून विचारलं तर म्हणते, पासवर्ड टाकला, मग मेसेजमध्ये सहा आकडी कोड आला तोही टाकला, तरी व्हिडिओ लागला नाही म्हणून फोन ठेवून दिला आणि दळण आणायला गेली. हे काल दुपारचं.

मोदकप्रेमी:
म्हणूनच मी घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांना आयफोन घेऊन दिलेत. एकदा पैसे जातात पण डोक्याला ताप नाही.

सह्यवारा:
मोदकप्रेमी, पासवर्ड आणि कोड स्वतःच्या हाताने खोट्या पानावर भरल्यावर आयफोन काय करणार? आणि नाइटशिफ्ट, इथे फोनमध्ये काही शिरलेलं नाही, अकाउंट गेलंय. फोन रिसेट करून अकाउंट परत येत नाही, उलट कोडचा मेसेज, ती लिंक, सगळा पुरावा पुसला जाईल.
चिंचगुळ, त्या फेसबुकला ईमेल कुठला जोडलाय? त्याचा पासवर्ड वेगळा आहे का?

नाइटशिफ्ट:
मी अनुभवाचं सांगितलं. आईंना नीट आठवत नसेल तर? काही इन्स्टॉल झालं असलं तर?

सह्यवारा:
ते तपासता येतं की. प्ले स्टोअर उघडून प्ले प्रोटेक्टचं स्कॅन करा, सेटिंग्जमध्ये अॅपची यादी बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

अबोली२:
फेसबुक कायमचं डिलीट करायचं असेल तर रिक्वेस्ट टाकल्यावर 30 दिवस लॉगिन करायचं नाही, चुकून केलं तर डिलीट रद्द करता येतं. मी मागच्या वर्षी केलं, फार शांत वाटतं.

चिंचगुळ:
अबोलीताई, डिलीट नाही करायचं हो, त्यात बाबांचे फोटो आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत.
सह्यवारा, जीमेल मीच दिवाळीत फोन सेट करून देताना काढलं होतं, कुणी उघडत नाही ते. पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवला होता, तिच्या लक्षात राहावा म्हणून.

सह्यवारा:
मग आधी जीमेल! आत्ता, बाकी सगळं नंतर. पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करणारी सोय) चालू करा, अनोळखी डिव्हाइस दिसलं तर साइन आउट करा. मग इनबॉक्समध्ये फेसबुकमेल डॉट कॉमवरून आलेला मेल शोधा. ईमेल बदलला की फेसबुक जुन्या पत्त्यावर कळवतं, 'हे मी केलं नाही' अशी सोय असते त्यात. नाहीच मिळाला तर फेसबुक डॉट कॉम स्लॅश हॅक्ड हे पान, आणि तेसुद्धा आईंच्याच फोनवरून, नेहमीच्या फोनवरून ओळख पटायला बरं पडतं.

चिंचगुळ:
जीमेल मिळालं! मेल आहे, काल दुपारी 2:47 चा. पण आता वेगळंच झालंय. आईच्या भिशीतल्या काकूंचा फोन आला, आईच्या अकाउंटवरून त्यांना 'दवाखान्यात आहे, 4000 पाठव' असा मेसेज गेला, त्यांनी पाठवले पण. आई रडतेय, म्हणते आता बायकांना तोंड कसं दाखवू.

उंबरठा:
काकूंना सांगा 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, आत्ता फोन लावा. ज्यांचे पैसे गेले त्यांनीच करायचा. यूपीआयच्या हिस्टरीत 12 आकडी यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा नंबर असतो तो हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर तिथे अडवता येतात, म्हणून एकेक तास महत्त्वाचा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण तक्रार टाका. आणि भिशीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आईंच्याच आवाजात मेसेज टाका, नाहीतर अजून दोघीतिघी पाठवतील.

मोदकप्रेमी:
तीन दिवसांत कळवलं तर बँकेला पैसे द्यावेच लागतात, आरबीआयचा नियम आहे.

उंबरठा:
अर्धवट सांगू नका हो, काकू त्याच्या भरवशावर बसून राहतील. तो जुलै 2017 चा नियम ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहाराचा आहे. इथे काकूंनी स्वतः पिन टाकून पाठवलेत. बँकेला कळवा जरूर, पण आधी 1930.

नाइटशिफ्ट:
आईंच्या बँकेच्या अॅपचा पिन पण बदलून टाका, तोच आकडा असेल तर. रिसेटचं माझं म्हणणं मागे घेतो.

चिंचगुळ:
अपडेट. काकूंची तक्रार नोंदली गेली, नंबर मिळाला. आईचं फेसबुक त्या मेलमधून परत आलं, नवीन पासवर्ड टाकला, बाबांचे फोटो आहेत सगळे. आईने ग्रुपवर बोलून मेसेज टाकला, आवाज कापत होता तिचा, पण लगेच तिघींनी फोन केले तिला. बँकेच्या अॅपचा पिन वेगळाच होता, तरी बदलला.

सह्यवारा:
एक राहिलं. फेसबुकच्या सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन बघा, तुमचं नसलेलं एखादं इन्स्टाग्राम अकाउंट किंवा नंबर जोडलेला आहे का. ते राहिलं तर तिथून परत आत शिरतात.

चिंचगुळ:
आहे! इन्स्टाग्राम एक, आई तर वापरतच नाही. काढलं आत्ता, पासवर्ड परत बदलतेय. ज्याच्याकडून लिंक आली त्या मामेभावाला फोन लावते, त्याला अजून काहीच माहीत नसणार.