मत बदलले की नुसती सोय झाली, हे आपले आपल्याला कसे ओळखावे?

मरोळवासी

नमस्कार. राजकारणावरच्या आपल्या बहुतेक चर्चा कोणता पक्ष बरोबर आणि कोणता चूक, या अंगाने होतात. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि तो बरेच दिवस मला छळतो आहे.

मुंबईतील आरेच्या वनराईत मेट्रो-३ ची कारशेड, म्हणजे गाड्या उभ्या करण्याची आणि दुरुस्त करण्याची जागा, बांधायला माझा ठाम विरोध होता. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडे तोडायला सुरुवात झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे आडवी झाली होती. जमावबंदी लागू होती, २९ आंदोलकांना अटक झाली होती, आणि आम्ही काही जण पोलिसांच्या अडथळ्यांच्या अलीकडे रस्त्यावर उभे होतो. आतून यंत्राच्या करवतींचा आवाज येत होता. मध्येच तो थांबायचा आणि खोड कोसळल्याचे ऐकू यायचे. त्या रात्री माझ्या मनात कसलीही शंका नव्हती. झाडे वाचवू पाहणारे एका बाजूला आणि ज्यांना कशाचेच काही वाटत नाही ते दुसऱ्या बाजूला, इतके ते मला सरळ दिसत होते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ही मार्गिका थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. माझे कार्यालय हुतात्मा चौकाजवळ आहे. पूर्वी मरोळहून बेस्टने अंधेरी, तेथून चर्चगेट लोकल आणि मग चालत, असा माझा रोजचा प्रवास होता; आता मरोळ नाक्याला बसते आणि हुतात्मा चौकाला उतरते. माझे एकटीचे असते, तर कदाचित मी जुन्याच मार्गाने जात राहिले असते. परंतु आईला संधिवात आहे. लोकलची पायरी चढणे तिने केव्हाच सोडले होते आणि टॅक्सीच्या खर्चापायी ती दवाखान्याच्या तारखाही पुढे ढकलत असे. आता उद्वाहनाने फलाटापर्यंत जाता येते आणि फलाट व डबा एका पातळीत असल्यामुळे तिला पाय उचलावाच लागत नाही. गेल्या महिन्यात ती गिरगावात मावशीकडे एकटी जाऊन आली आणि संध्याकाळी परत आल्यावर स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

आंदोलनातील माझी एक जुनी मैत्रीण अजूनही या मेट्रोत पाय ठेवत नाही. मी रोज जाते हे कळल्यावर ती एवढेच म्हणाली, "तुझे तत्त्व तुझ्या आईच्या गुडघ्यांपुरतेच टिकले."

कारशेड आरेत व्हायला नको होती, हे माझे मत आजही कायम आहे. मात्र ती व्हावी असे म्हणणारे सगळेच निर्दय होते, हे मला आता म्हणवत नाही. हे शहाणपण आहे, की पदरात पडलेल्या सोयीने माझे तोंड बंद केले आहे? दोहोंतला फरक कसा ओळखायचा, याबद्दल अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे, ही विनंती.

---

साचेखाते

ताई, तुमच्या मैत्रिणीचे वाक्य वाचून मला लालबागमधली आमची चाळ आठवली, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, तेव्हा मी शाळेत होतो. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणण्याच्या विभागात होते. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगारवाढ, बदली म्हणून रोजंदारीवर घेतलेल्या कामगारांना कायम करणे आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा १९४६ चा औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या मागण्या होत्या. वडिलांना त्या न्याय्य वाटत होत्या, मलाही आज त्या न्याय्यच वाटतात, आणि संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत यांच्या डावपेचांविषयी कोणी काहीही म्हटले तरी मागण्यांचा तो न्याय्यपणा कमी होत नाही. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला. आईने घरी खानावळ चालवली, थोरल्या भावाची शाळा सुटली, आणि तरीही आमच्या घरात संपाविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही.

आता दुसरी बाजू सांगतो. आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ काही महिन्यांनी कामावर परतले. त्यांच्या मुलीला क्षय झाला होता आणि ते साऱ्या चाळीला ठाऊक होते. पण त्या दिवसापासून नळावर त्यांच्या पत्नीची कळशी रांगेतून बाजूला सारली जाऊ लागली. ती बाई काही न बोलता कळशी उचलून पुन्हा शेवटी उभी राहायची. त्या वर्षी त्यांच्या गणपतीच्या आरतीला मजल्यावरचे एकही माणूस गेले नाही. संपाच्या मागण्यांबद्दल चाळीने जितका विचार केला होता, त्याच्या शतांशही त्या कुटुंबाबद्दल केला नव्हता. पण खात्री मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांना घरे देण्याची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर पटावर असलेला कामगार पात्र ठरला. म्हाडाच्या त्या अर्जात संपात टिकलेला आणि फुटलेला, असा रकाना नव्हता. माझे वडील आणि ते गृहस्थ दोघांनीही तोच अर्ज भरला. रांगेत दोघे पुढेमागे उभे होते आणि तरीही एकमेकांशी बोलले नाहीत. वडील गेल्यावर त्यांच्या तेराव्याला ते गृहस्थ आले, जेवायला थांबले नाहीत.

म्हणून मला असे वाटते, की एखाद्या प्रश्नावरची ठाम भूमिका आणि त्या प्रश्नावर वेगळे वागणाऱ्या माणसाविषयीचा निवाडा, या दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवायला हव्यात. तुमची पहिली गोष्ट जागच्या जागी आहे आणि दुसरी सैल झाली आहे. यात तुम्ही काही गमावले आहे, असे मला मुळीच वाटत नाही.

---

गोरेगाव पूर्व

साचेखाते यांचे लिखाण मनापासून आवडले. तरीही मी त्यांच्याइतक्या सहजपणे ताईंना मोकळे सोडणार नाही. ज्याला लाभ मिळाला, त्याच्या मनात समोरच्याविषयी समजूतदारपणा उगवणे सोपे असते. खरी कसोटी अशी, की ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर बसून तुम्ही हेच वाक्य म्हणू शकता का? कारशेडसाठी आरेतल्या प्रजापूरपाड्यातली आदिवासी कुटुंबे उठली. अंगणात भाजी लावणारी, शेजारच्या ओढ्यावर आणि झाडांवर ज्यांचे निम्मे घर चालत असे, ती माणसे इमारतीतल्या खोल्यांत गेली. "माझ्या आईला गुडघ्यांचा त्रास कमी झाला, म्हणून आता मला विरुद्ध बाजूही समजते," हे वाक्य त्यांच्यापैकी कोणा आजीसमोर उच्चारून पाहा. ते उच्चारता आले, तर तुमची समजूत खरी. घशात अडकले, तर तेवढा भाग सोयीचा आहे असे समजावे.

आणखी एक. ठामपणा हा नेहमी अहंकारच असतो, असा सूर हल्ली सुशिक्षितांत फार ऐकू येतो, आणि तो मला पटत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८४ झाडे तोडण्यासाठी अर्ज करण्याची मुभा दिली होती. नंतर मेट्रोच्या यंत्रणेने १७७ झाडांसाठी वृक्षतोडीची परवानगी देणाऱ्या महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे धाव घेतली. एप्रिल २०२३ मध्ये न्यायालयाने त्यासाठी तिला दहा लाखांचा दंड ठोठावला, जरी पुढे ती झाडे काढायला परवानगीही दिली. ८४ आणि १७७ यांमधला फरक कोणाच्या लक्षात आला? जे खटल्यामागे वर्षानुवर्षे चिकाटीने उभे राहिले, त्यांच्या. "दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर असते" असे म्हणून घरी गेलेल्यांच्या लक्षात ते आले नसते. तुमची मैत्रीण तुमच्याशी कठोर वागली, हे खरे. पण तिच्यासारखी माणसे नसती तर हा हिशेब ठेवायला कोणी उरले नसते.

मेट्रोने अवश्य जा. भाडे भरणाऱ्या प्रवाशाने झाड तोडलेले नाही. मात्र प्रवासासोबत विसरही येऊ देऊ नका.

---

ठाकूरद्वार

मी थोडक्यात लिहितो, कारण मुख्य मुद्दे वर आलेच आहेत.

याच कारशेडच्या निमित्ताने आमच्या घरात मी एक विलक्षण गोष्ट पाहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये नव्या सरकारने आरेतील काम थांबवले, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरले, डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तेथील कामाला स्थगिती दिली आणि २०२२ च्या मध्यात सरकार बदलताच ती पुन्हा आरेत आली. या सगळ्या काळात माझे काका आणि माझा चुलतभाऊ हे दोघे दर वळणावर पूर्ण खात्रीने बोलत होते. फक्त त्यांची खात्री जागेविषयी, झाडांविषयी किंवा खर्चाविषयी नव्हती. आपला माणूस कोणत्या बाजूला आहे, एवढ्याविषयीच होती. पक्ष फुटला तेव्हा तर एकाच निष्ठेचे दोन तुकडे झाले, आणि दोघेही गणपतीत एकाच पाटावर बसून एकमेकांना निष्ठा शिकवू लागले. काकूंनी अखेर ताटे वाढण्यापूर्वी दूरदर्शन संच बंद करण्याचा नियम केला, तो आजतागायत चालू आहे.

तेव्हापासून मी स्वतःला एक प्रश्न विचारतो: हाच निर्णय मला न आवडणाऱ्या पक्षाने घेतला असता, तर मी काय म्हटले असते? उत्तर बदलत असेल, तर ते मत माझे नव्हे. ताई, तुमचे मत सरकारे बदलली तरी बदलले नाही, ही माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. तुमच्या मेट्रोला आचार्य अत्रे चौक आणि हुतात्मा चौक अशी दोन स्थानके आहेत. संयुक्त महाराष्ट्र समितीत अत्रे, कॉम्रेड डांगे, एस. एम. जोशी आणि प्रबोधनकार एकत्र आले होते. या चौघांचे एरवी किती पटत असे, हे वेगळे सांगायला नको. एका मागणीवर ते अढळ राहिले आणि बाकीच्या मतभेदांसाठी त्यांनी एकमेकांना समितीबाहेर काढले नाही. असे राजकारण आपल्याच शहरात घडून गेले आहे.

---

मरोळवासी

सर्वांचे मनापासून आभार. गोरेगाव पूर्व यांनी सांगितलेले वाक्य मी मनातल्या मनात म्हणून पाहिले आणि ते पूर्ण झाले नाही. "आईला आराम पडला" इथपर्यंत येते. "म्हणून" हा शब्द पुढे जाऊ देत नाही. म्हणजे आईचा आराम खरा आणि त्या कुटुंबांचे नुकसानही खरे, पण एकातून दुसऱ्याचे समर्थन निघत नाही, असे मला आता स्पष्टपणे मांडता येते. याआधी ते येत नव्हते.

मैत्रिणीला मी काल फोन केला. मेट्रोचा विषय दोघींनीही काढला नाही. आमच्या विभागात एका पुनर्विकासासाठी काही झाडे तोडण्याची नोटीस लागली आहे. खोडांवर क्रमांक रंगवले आहेत आणि हरकती व सूचना मागवल्या आहेत. झाडांच्या संरक्षणाच्या १९७५ च्या कायद्याखाली अशी हरकत कोणाही नागरिकाला घेता येते. पूर्वी आम्ही दोघींनी डोळे मिटून सगळ्याच झाडांसाठी एकच अर्ज दिला असता. या वेळी त्या इमारतीत राहणाऱ्या, छताला टेकू लावून दिवस काढणाऱ्या कुटुंबांशी आधी बोलायचे आणि मग झाडागणिक लिहायचे, असे ठरले आहे. नव्या पायाच्या आड येणाऱ्या सुबाभळींबद्दल आमची हरकत नसेल. कुंपणालगतचा जुना पिंपळ आणि दोन बकुळी मात्र आराखड्यात जरा बदल करून सहज राहू शकतात, आणि त्यांसाठी सुनावणीला जाऊन बसण्याची आमची तयारी आहे. वृक्ष प्राधिकरणाच्या सुनावणीत वास्तुविशारदाचा नकाशा मागून घेता येतो का आणि त्यासाठी अर्ज कोणाकडे करावा, हे कोणाला ठाऊक असल्यास कृपया येथे लिहावे.