१५० ग्रॅम भात म्हणजे किती मिली? ४० डब्यांचा हिशेब

डबा_सातपूर
सातपूरच्या एका कारखान्याला रोज ४० डबे द्यायचे आहेत. त्यांच्या आहारतज्ज्ञांनी डब्यामागे १५० ग्रॅम भात लिहून दिलाय, तोही शिजलेला. डब्यातला भाताचा कप्पा २५० मिलीचा, पातेली लिटरवर मिळतात, तांदूळ किलोवर. इंटरनेटवरच्या एका तक्त्यात १ कप भात १५८ ग्रॅम, दुसऱ्यात १८६. खरं काय धरायचं? एक दिवस कोलम, एक दिवस इंद्रायणी असा बेत आहे.

वजनकाटा
दोन्ही आकडे खरे आहेत, तांदूळ वेगळा आहे. कप २४० मिलीचा. १५८ हा लांब दाण्याच्या मोकळ्या भाताचा आकडा, म्हणजे मिलीला साधारण ०.६६ ग्रॅम. १८६ हा आखूड, चिकट दाण्याचा, मिलीला ०.७८ च्या आसपास. इंद्रायणी या दुसऱ्या गटात. कोलम मधला, ०.७० धरून चाला. राइस कुकरसोबत येणारा कप मात्र १८० मिलीचा असतो, तो यात मिसळू नका.

तुमच्या भाताचा आकडा घरीच काढा. रिकामी वाटी काट्यावर ठेवा, समजा ६० ग्रॅम. काठोकाठ पाणी भरून ३१० आलं, तर वाटी २५० मिलीची. आता वाटी पुसून भात न दाबता भरा, वर उलथन्याची कड फिरवून सपाट करा. २३५ आलं तर भात १७५ ग्रॅम, १७५ भागिले २५० म्हणजे ०.७०. तीन वाट्यांची सरासरी घ्या. दाबून भरलात तर तीच वाटी सहज वीस टक्के जास्त घेते. मूद पाडणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो.

म्हणजे १५० ग्रॅम कोलम २१५ मिली, इंद्रायणी १९२. कप्प्यात दोन्ही बसतील. पण इंद्रायणीच्या दिवशी कप्पा कमी भरलेला दिसेल आणि ‘भात कमी दिला’ अशी तक्रार येईल, हे आधीच सांगून ठेवा.

घोटीकर
वरचं बरोबर, पण कच्च्या तांदळाचा हिशेब राहिला. तो सोपा आहे: तांदूळ अधिक पाणी, वजा वाफ. १ किलो जुना कोलम, २ लिटर पाणी, उघड्या पातेल्यात ३००-४०० ग्रॅम वाफ गेली की २.६ किलो भात. नव्या इंद्रायणीला दीडपट ते पावणेदोनपट पाणी पुरतं, नाहीतर गिचका होतो. तिथे किलोला २.३ किलोच्या आसपास भरतो. भिजवलेला तांदूळ असेल तर त्याने प्यालेलं पाणीही याच हिशेबात धरा, वरून पुन्हा दुप्पट ओतू नका.

४० × १५० = ६ किलो भात. त्यासाठी कच्चा तांदूळ कोलम असेल तर २.३ किलो, इंद्रायणी असेल तर २.६ किलो. तळाची खरपुडी आणि डावाला लागलेला भात मिळून पाच टक्के वाढवा. भात साडेआठ लिटर भरतो, पण पातेलं १२-१४ लिटरचं घ्या, नाहीतर उकळी फुटली की पेज गॅसवर. भांडी बाजारात घेताना लिटर विचारूनच घ्या, पातेल्याच्या नंबरावर जाऊ नका.

आणि आहारतज्ज्ञांना एक विचारा. १५० ग्रॅम कोलममध्ये कच्चा तांदूळ ५८ ग्रॅम, इंद्रायणीत ६५. त्यांना हा फरक चालतो का?

डबा_सातपूर
विचारते. रोज ४० वेळा काटा लावायचा का? डावाने जमेल?

वजनकाटा
जमेल, ताई. कडेला घासून सपाट केलेले दहा डाव एका ताटात काढा, वजन करा, दहाने भागा. शिगोशिग डावाचा भरवसा नाही. कोलम आणि इंद्रायणीसाठी वेगळा आकडा डावाच्या दांड्यावर लिहून ठेवा. वजन गरम भाताचंच करा. थंड होताना वाफ जाते, भात खाली बसतो, आकडा बदलतो. भरलेले डबे मात्र गरम असतानाच रवाना करा, शिजलेला भात तासन्‌तास कोमट ठेवला की विषबाधेचे जंतू वाढतात.