यात्रेतनं घेतलेल्या बिननावाच्या कोयत्याला धार कशी लावू? ग्राइंडर मारू की नको?

खानापूर_शेत:
नमस्कार मंडळी, यात्रेत स्वस्तात एक कोयता घेतलाय, त्यावर ना कंपनी ना शिक्का, लोखंड कुठलं काही पत्ता नाही. काजूच्या वाळक्या फांद्या छाटायला आणि वैरण तोडायला पाहिजे होता पण कापायचं सोडून नुसता चेचतोय. पाहुण्यांचा चार इंची ग्राइंडर घरात आहे, पण वडील म्हणतात मशीन लावलीस की पाणी, म्हणजे लोखंडाचा कडकपणा, उतरतंय. खरं आहे काय हे? लोखंड माहीत नसताना धार लावायची कशी, आणि कुणाला इजा न होता? घरात लहान पोरं आहेत म्हणून विचारायलोय.

फिटर_उद्यमबाग:
वडील बरोबर सांगतायत. ग्राइंडरची डिस्क मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे मारते, धारेची कड पातळ, त्यामुळे तिथं उष्णता साठायला दोन सेकंदही लागत नाहीत. कड आधी गवती पिवळी, मग तपकिरी आणि शेवटी निळी होते. निळी झाली म्हणजे साधारण ३०० डिग्रीच्या आसपास गेली, तिथलं पाणी उतरलं, आता कितीबी घासा धार टिकत नाही. वरनं पाणी शिंपडून तो कडकपणा परत येत नाही, तेवढा भाग घासून काढावा लागतो नाहीतर लोहाराकडनं परत पाणी द्यावं लागतं.

लोखंडाचं नाव कळायची गरजच नाही, कडक आहे की मऊ एवढं कळलं की झालं. मुठीजवळची कड जी वापरात येत नाही तिथं चांगली कानस हलक्या हातानं एकदा फिरवा. कानस धरून बारीक कीस पडला तर मऊ, घसरून काचेवर गेल्यासारखा आवाज आला तर कडक. कडक असेल तर कानस लगेच थांबवा, दाते जातात तिचे, मग दगडच वापरायचा.

निपाणीकर:
एवढं कशाला, ग्राइंडरला लावून ठिणग्या बघा की. फुलबाजीसारख्या फुटल्या तर पोलाद, सरळ लांब गेल्या तर साधं लोखंड.

फिटर_उद्यमबाग:
@निपाणीकर ते खरं आहे, वर्कशॉपात आम्ही पण बघतो, पण ते बेंच ग्राइंडरवर, गॉगल घालून, पात्याच्या पाठीच्या बाजूला. हातातल्या ग्राइंडरवर मोकळा कोयता धरून कुणी करू नये. कटिंगची पातळ डिस्क आडवी घासायला वापरली तर फुटते, आणि तुकडा कुठं जाईल सांगता येत नाही. सुती हातमोजे तर फिरत्या मशीनजवळ नकोतच, गुंडाळून हात आत ओढतात.

खानापूर_शेत:
कानस फिरवली, धरतीय, कीस पडला. म्हणजे मऊ. फेकून देऊ काय?

फिटर_उद्यमबाग:
फेकू नका की. मऊ आहे म्हणजे धार लवकर येईल आणि लवकर जाईल, एवढंच. चाकूसारखी पातळ धार काढू नका, फांदीवर पहिल्या घावाला वळेल. प्रत्येक बाजूनं पंचवीस अंशाच्या आसपास ठेवा, स्वयंपाकाच्या सुरीला पंधरा ते वीस चालतात. कोन असा काढा, दगडावर पातं उभं धरलं की नव्वद, त्याचं निम्मं पंचेचाळीस, त्याचं निम्मं बावीस, त्यापेक्षा जरा उचलायचं.

कोयता शिकंज्यात पक्का आवळा. कानशीला लाकडी मूठ पाहिजेच, बिनमुठीची शेपटी तळहातात घुसते. आधी कानशीनं एकाच दिशेनं ढकला, येताना उचलून आणा. मग हार्डवेअरमध्ये मिळतो तो दोन अंगांचा कार्बोरंडम दगड घ्या, जाडं अंग आधी, बारीक नंतर, पाणी लावत राहा. एका बाजूनं घासताना दुसऱ्या बाजूला पूर्ण लांबीत बारीक खरखरीत बर, म्हणजे वळून आलेली लोखंडाची कड, आली की बाजू बदला. ती बघायची अंगठा धारेवर आडवा नेऊन, धारेच्या लांबीनं कधीच नाही. शेवटी हलक्या हातानं आलटून पालटून घासून बर काढा.

शहापूर_गल्ली:
घरातल्या बिननावाच्या सुरीलाही हेच लागू होतंय बघा. मी दगडाखाली ओला फडका घालतो म्हणजे सरकत नाही. दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घालून बुडाच्या खरखरीत कडेवर सुरी फिरवा, रोजच्या टोमॅटोला पुरतं. आणि स्टीलच्या सुरीला चुंबक चिकटलंच नाही तर ती सहसा ताट-वाटीच्या स्टीलची असते, तसल्याला पाणीच चढत नाही, तिच्याकडनं जास्त अपेक्षा ठेवू नका. मात्र चिकटलं म्हणून चांगलीच असं पण नाही.

खानापूर_शेत:
लई उपयोग झाला. एकच राहिलं, मूठ थोडी हलतीय, ती धार लावल्यावर बसवली तर चालेल काय?

फिटर_उद्यमबाग:
नाही, आधी मूठ. पाचर ठोकून घट्ट करा, लाकूड चिरलं असेल तर नवीन मूठ घाला, बोथट आहे तोवरच हे काम सोपं. धार झाली की पुसून खोबरेल तेलाचा हात फिरवा, जुन्या पाइपाचा तुकडा उभा चिरून धारेवर चढवा आणि पोरांचा हात पोचणार नाही असं आढ्याला अडकवा.