मदत हवी आहे: न्यू जर्सीत शाळेच्या टॅक्सला २ टक्क्यांचा कॅप (वाढीची कमाल मर्यादा) आहे, मग बिल १४ टक्के कसं वाढलं?

मीनल_जर्सी
नमस्कार मंडळी. मध्य जर्सीत घर घेऊन पाच वर्षं झाली. मागच्या आठवड्यात बँकेचं एस्क्रोचं (घराच्या टॅक्सचे पैसे बँक दर महिन्याला आपल्याकडून घेऊन ठेवते, ते खातं) पत्र आलं, महिन्याचा हप्ता चांगलाच वाढलाय. घराच्या टॅक्सचं बिल काढून बघितलं तर नुसता शाळेचा भाग ६,२०० डॉलरवरून ७,१०० वर! स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये तर छातीठोकपणे सांगत होते की राज्याचा २ टक्क्यांचा कॅप आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा दीर म्हणतो, "वहिनी, २ टक्के म्हणजे २ टक्के, सरळ अपील करा." यंदा गावात रिव्हॅल्युएशन झालं, म्हणजे टॅक्ससाठी सगळ्या घरांच्या किमती नव्याने ठरवल्या. आमचं घर कागदावर ४,१०,००० होतं, ते ६,४०,००० झालं. त्याचा काही संबंध?

खादाड_बोका
वाचतोय. आमच्याकडेही हीच बोंब.

बापू_पार्सिपनी
दीर आणि बोर्ड दोघंही खरं बोलतायत, फक्त त्यांचे २ टक्के वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात १९७८ पासून प्रपोझिशन १३ आहे. तिथे घर विकलं जाईपर्यंत त्याची टॅक्ससाठी धरलेली किंमतच वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही. म्हणजे कॅप घराला. आपल्याकडचा कायदा २०१० चा, गव्हर्नर क्रिस्टींच्या काळातला (त्याआधी ४ टक्के होते). हा कॅप लेव्हीला, म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्ट सगळ्या गावाकडून मिळून जी रक्कम गोळा करतं तिला. त्यातले तुम्ही किती द्यायचे हे तो कायदा सांगतच नाही.

सोसायटीचा खर्च समजा. एकूण खर्च दोनच टक्के वाढला, पण फ्लॅट पुन्हा मोजले आणि तुमचा मोठा निघाला, तर तुमचा वाटा वाढणारच. गावातली घरं सरासरी किती टक्के वाढली? टॅक्स असेसरच्या ऑफिसात सांगतील.

मीनल_जर्सी
विचारलं. ४० टक्के.

बापू_पार्सिपनी
मग तिथेच उत्तर आहे. गाव १.४० पट, तुम्ही १.५६ पट. वाटा साधारण साडेअकरा टक्क्यांनी वाढला. ६,२०० चे तिथेच ६,९१० च्या आसपास झाले. उरलेली वाढ पावणेतीन टक्क्यांच्या घरात येते, ती लेव्हीची.

खादाड_बोका
पण कॅप दोनचा ना? पाऊण टक्का कुठून आला?

बापू_पार्सिपनी
कॅपला खिडक्या ठेवल्यात. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा खर्च ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, पेन्शनचा भरणा वाढला किंवा विद्यार्थी वाढले, तर वर जाता येतं. इमारतीसाठी काढलेल्या बाँडचे हप्ते तर कॅपच्या बाहेरच. शिवाय एखाद्या वर्षी पूर्ण २ टक्के वापरले नाहीत, तर उरलेले पुढची तीन वर्षं साठवता येतात. यातलं काहीच पुरलं नाही तर मतदारांना वेगळा प्रश्न विचारावा लागतो आणि साधं बहुमत लागतं. ज्या डिस्ट्रिक्टनी स्कूल बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरला नेली, तिथे कॅपच्या आतल्या बजेटवर मतदानच होत नाही, म्हणून हे कुणाच्या कानावरही येत नाही. तुमच्याकडे नक्की कोणती खिडकी उघडली ते डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर यूजर फ्रेंडली बजेटमध्ये दिसेल. नाव यूजर फ्रेंडली आहे, चहा घेऊन बसा.

मीनल_जर्सी
आता कळलं! मग अपील?

बापू_पार्सिपनी
टॅक्सवर अपील नसतं, घराच्या किमतीवर असतं, काउंटी टॅक्स बोर्डाकडे. तुमच्यासारखीच घरं ६,४०,००० पेक्षा बऱ्याच कमीत विकली गेली असतील तरच त्यात दम. रिव्हॅल्युएशन झालेल्या गावांना बहुतेक काउंट्यांत १ मे ही मुदत असते, ती यंदा गेली. हिवाळ्यात नव्या किमतीचं पत्र आलं असेल.

मीनल_जर्सी
आलं होतं. जाहिरात समजून ड्रॉवरमध्ये टाकलं. :( निदान टॅक्सचा नोव्हेंबरचा हप्ता कमी येईल का?

बापू_पार्सिपनी
नाही. टॅक्सच्या चार हप्त्यांपैकी फेब्रुवारी आणि मेचे गेल्या वर्षीच्या आकड्यावर घेतात, त्यामुळे वर्षभराची सगळी वाढ ऑगस्ट आणि नोव्हेंबरवर पडते. फेब्रुवारीत थोडा उतरेल. बँकेने एस्क्रो ऑगस्टचा हप्ता चारने गुणून काढला नाही ना, तेवढं फोन करून बघा.