मदत हवी आहे : जुनी सुझुकी एलटी-झेड ४०० क्वाड घ्यावी का?

नमस्कार मंडळी. मुळशीकडे एका फार्महाऊसवर २००५ सालची एलटी-झेड ४०० क्वाड (चार चाकांची, बाईकसारख्या हँडलची ऑफ-रोड गाडी) विकायला आहे. मालक अडीच लाख म्हणतायत. शेतावरच्या वाटांवर फिरवायलाच हवी आहे, रस्त्यावर काढायची नाही.

इंजिन ३९८ सीसी, लिक्विड कूल्ड, कार्ब्युरेटरवालं. थंड इंजिन चोक देऊन लगेच सुरू झालं, धूर नाही. पण मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं तर स्विंगआर्मपाशी (मागचा अ‍ॅक्सल धरणारा, वरखाली हलणारा दांडा) खट् असा आवाज येतो आणि चाक किंचित डुलतं. बेअरिंग गेलंय की अ‍ॅक्सलचाच प्रश्न आहे, हे कसं ओळखायचं? पुढच्या ए-आर्मच्या (पुढचं चाक सांगाड्याला जोडणारा ‘ए’ आकाराचा दांडा) वेल्डजवळ नवा काळा रंग दिसतो. मला खरी भीती त्याचीच वाटते. खाली तडा असेल तर?

या क्वाडचं इंजिन सुझुकीच्याच डीआर-झेड ४०० बाईकशी नातं सांगतं, म्हणून पिस्टन-गॅस्केट मिळतील अशी आशा आहे. बॉल जॉइंट, अ‍ॅक्सल बेअरिंग मात्र पुण्यातल्या नाना पेठेच्या स्पेअर पार्ट बाजारात नंबर दाखवून जुळवता येतात का, की बाहेरूनच मागवावे लागतात? कुणी केलं असेल तर नक्की सांगा.

कागदांचंही विचारायचं आहे. गाडी आयात केलेली आहे. मालकांकडे फक्त साधं विक्रीपत्र आहे, कस्टम्सची बिल ऑफ एन्ट्री (आयातीच्या वेळी कस्टम्सकडे भरलेला कागद) सापडत नाही म्हणतात. त्याशिवाय पैसे देऊ नयेत असं माझं मत आहे, तुमचं काय?

पुण्यात क्वाडचं काम मनापासून करणारा मेकॅनिक माहीत असेल तर कृपया सुचवा. बयाणा देण्याआधी त्याला सोबत नेऊन गाडी दाखवायची आहे.