तीन दिवस शेतीच्या गावात राहायचंय: रावेर-यावल की खान्देशात आणखी कुठे?

वाटसरू (पुणे)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या सुट्टीत खान्देशात यायचं आहे. आम्ही तिघी आहोत: मी, आई (वय ६६, गुडघे दुखतात) आणि चौथीतली लेक. मार्केट यार्डात ट्रकमधून केळीचे घड उतरवताना लेकीने पाहिलं आणि ट्रकवाल्याला विचारलं, हे कुठून आणलं? तो म्हणाला, रावेर. तेव्हापासून तिचा एकच धोशा आहे.

पुण्याजवळची दोन-तीन कृषी पर्यटन केंद्रं पाहून झाली. बैलगाडीची फेरी, हुरडा, चार वाजता भजी. लोक चांगले होते. पण परत येताना आई म्हणाली, "शेत पाहिलं, शेतकरी कुठे दिसला?" म्हणून या वेळी असं गाव हवं आहे, जिथे आमच्यासाठी काही मांडून ठेवलेलं नसेल. शांत बसता यावं, काम चालू असलेलं दिसावं, घरचं जेवण मिळालं तर उत्तमच.

गाव कोणतं निवडावं, राहायचं कुठे, तीन बायकामाणसांना अडचण येईल का आणि अजिंठा याच फेरीत उरकावा का, हे कृपया सांगा.

तापीकाठ

ताई, तुमच्या लेकीला रावेर पाहायचंय तर यावल-रावेर पट्ट्यातच या आणि मुक्काम फैजपूरला करा. मी त्याच भागातला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी आणि मधल्या काळ्या जमिनीत केळीच केळी. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता या पट्ट्याच्या मधून जातो. चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर एका ओळीत आहेत. फैजपूर मधोमध पडतं, साधे लॉज मिळतात, बस सतत असतात.

हंगामाची काळजी करू नका. आमच्याकडे लागवड दोनदा होते. पावसाळ्याच्या तोंडावर लावतात ती मृगबाग, पावसाळा सरताना लावतात ती कांदेबाग. एकदा घड कापला की खोडाशेजारची पिल वाढवून दुसरं पीक घेतात, तो पिलबाग. त्यामुळे कुठे ना कुठे कटाई चालू असतेच. कटाई बघायची तर सकाळी लवकर निघा. घड उतरवायचा, फण्या सोडवायच्या, मोजायच्या, गाडीत भरायच्या, सगळं झपाझप चालतं. माल दिल्ली, पंजाब, काश्मीरपर्यंत जातो. आणि लेकीला बोर्ड भाव काय असतो ते जरूर समजावून द्या. रावेर आणि बऱ्हाणपूरच्या केळीचा भाव रोज जाहीर होतो. संध्याकाळी पारावर बसाल तर अर्धं बोलणं त्यावरच ऐकाल.

शेतात जाताना एवढं सांभाळा. केळीचा चीक कपड्याला लागला की डाग जात नाही, तेव्हा जुने कपडे घाला. ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका. घड कितीही जवळ असला तरी हात लावू नका, साल खरचटली की त्या मालाला भाव मिळत नाही. बायामाणसं कामात असतील तर विचारल्याशिवाय फोटो काढू नका. विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

आता भरीत. डिसेंबरात येऊन भरीत न खाता गेलात तर आमच्या घरच्यांना वाईट वाटेल. बामणोदकडची वांगी बघा: मोठी, फिकट हिरवी, बी कमी. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण चव मानांकनाने येत नाही, भाजण्याने येते. वांगी कपाशीच्या पऱ्हाटीवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर भाजतात. गॅसवर भाजलेलं वांगं शिजतं, पण त्याला धुराचा वास लागत नाही. मग सोलून लाकडी बडगीत ठेचायचं. त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे. सोबत पुरी किंवा कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली. चातुर्मासात वांगं वर्ज्य करणारी घरं चंपाषष्ठीला ते पुन्हा सुरू करतात. तुम्ही त्यानंतर आलात तर शेताशेतात भरीत पार्टी दिसेल.

फैजपूरबद्दल आणखी एक. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं. त्याआधीची सगळी शहरांत झाली होती, खेड्यात भरलेलं हे पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावात मिळणारं साहित्य वापरून सजावट उभी केली होती. लेक चौथीत आहे ना, तिला आधी हे सांगून मग गावातून फिरवा.

अजिंठा या फेरीत नको. तीन दिवसांतला एक दिवस गाडीतच जाईल. ते पुढच्या वेळी.

भुसावळ जंक्शन

पुण्याहून मनमाडमार्गे भुसावळपर्यंत थेट गाड्या आहेत. तिथून तापी ओलांडून फैजपूरची एसटी घ्या. सावदा स्टेशन नावाला सावदा आहे, गावापासून लांब आहे, म्हाताऱ्या माणसासोबत तिथे उतरू नका. रात्रीची गाडी घेतलीत तर पहाटे भुसावळला स्टेशनवरच थांबा आणि उजाडल्यावर निघा. डिसेंबरात पहाटे चांगलीच थंडी असते, शाल जवळ ठेवा.

पांझरेचं पाणी

वर सांगितलेलं सगळं बरोबर आहे. पण खान्देश म्हटलं की केळी, एवढ्यावर विषय संपवला जातो, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी साक्री तालुक्यातला, अहिराणी घरातला. आमच्याकडे केळी नाहीत, पण पाहण्यासारखी फार जुनी गोष्ट आहे: फड.

पांझरा नदीवर जागोजाग दगडी बंधारे आहेत. त्यांचं पाणी पाटाने शेतात जातं. मोटर नाही, पंप नाही, उतारावरून आपोआप. एका बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या जमिनीला थळ म्हणतात आणि थळाचे भाग पाडले की ते फड. एका हंगामात एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एका फडात ऊस असेल तर दुसऱ्यात गहू. पुढच्या वर्षी पिकं फिरतात. प्रत्येक कुटुंबाची जमीन थोडी थोडी वेगवेगळ्या फडांत असते, त्यामुळे पाणी कमी पडलं तर झळ सगळ्यांना सारखीच बसते. पाणी देणारा पाटकरी. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडून पाणी घ्यायचं नाही, हा नियम. पिकाची राखण करणारा जागल्या. या माणसांचा मोबदला गावच देतं. ही व्यवस्था तीनशे-चारशे वर्षांची आहे असं अभ्यासक सांगतात. विहिरी आणि विजेचे पंप आले तशी ती बरीच मोडली, पण काही ठिकाणी अजून चालू आहे.

माझे आजोबा पाटकरी होते. रात्री कंदील घेऊन पाटाच्या कडेने जायचे आणि पाण्याच्या आवाजावरून सांगायचे की पुढे कुठे फुटलंय. पाणी चोरलं म्हणून त्यांनी सख्ख्या भावाचं नाव पंचांपुढे घेतलं होतं. ताई, शेतकरी कुठे दिसला असं तुमच्या आईंनी विचारलं ना, तर एकदा पिंपळनेरच्या बाजूला या. बंधाऱ्यावर बसलात तर कुणीतरी "या, बठा" म्हणेलच.

वाटसरू (पुणे)

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. पांझरा दादा, फडाबद्दल मी पहिल्यांदाच वाचलं. आईला वाचून दाखवलं, तिने आजोबांचा भाग दोनदा वाचायला लावला. पण या वेळी लेकीचं रावेर आहे, म्हणून फैजपूर नक्की करते.

तापीकाठ दादा, दोन शंका. कुणाच्या शेतात असं न सांगता जाता येतं का? आणि घरी जेवू घातलं तर पैसे द्यावेत का? कुणाचा मान दुखवायचा नाही.

तापीकाठ

न सांगता शिरू नका. बांधावर उभं राहून हाक द्या, कुठून आलात ते सांगा. आई सोबत आहे म्हटल्यावर खाट येईलच. शिवाय माझ्या मामांचं शेत फैजपूरजवळ आहे, तुम्हाला निरोप पाठवला आहे.

जेवणाचे पैसे अजिबात पुढे करू नका, खरंच अपमान वाटतो. लेकराच्या हाती खाऊ न्या किंवा आईंच्या हातचं काही घरचं न्या. शेतावर वर्षाच्या बोलीवर कामाला असलेल्या सालदाराच्या मुलांसाठीही आठवणीने न्या, ते बहुतेक लोक विसरतात. आमच्याकडे सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला बदलतं. शेताची खडानखडा माहिती त्यांच्याकडे असते, तेव्हा त्यांच्याशीही बोला.

सातपुड्याच्या पायथ्याशी

एक दिवस पालला काढा. रावेर तालुक्यातच आहे, यावल अभयारण्याच्या भागात. केळीच्या सपाटीवरून वर चढताना चढणीवर साग लागतो आणि हवा बदलते. पावरा, भिल्ल, तडवी, बंजारा अशी वस्ती आहे. होळीच्या आधीच्या आठवड्यात आलात तर भोंगऱ्या बाजार भरतात, ढोल आणि बासऱ्यांनी डोंगर दुमदुमतो. पण ते दिवस शांततेचे नव्हेत.

डोंगराच्या पायथ्याला जाड रेती-गोट्यांचा थर आहे, बझाडा म्हणतात. सातपुड्याचं पाणी तिथे मुरतं आणि खाली केळीला मिळतं. उपसा वाढला तशा विहिरी कोरड्या पडल्या आणि ट्यूबवेल खोल खोल जात राहिल्या. हिरवागार बाग पाहताना लेकीला हेही सांगा.

आणि एप्रिल-मे मध्ये कुणी बोलावलं तरी आईंना आणू नका. पारा ४५ च्या पुढे जातो.

वाटसरू (पुणे)

आम्ही जाऊन आलो. काय झालं ते सांगणं माझं कर्तव्यच आहे.

पहिल्या दिवशी कटाई दिसलीच नाही. मामांनी घड तयार ठेवले होते, पण व्यापाऱ्याने सकाळी फोनवर बोर्डापेक्षा बराच कमी भाव सांगितला आणि मामा नाही म्हणाले. मग दिवसभर काहीच नव्हतं. आई आणि मामी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मामी सारखं म्हणत, "बसा ना माय, घाई काय हाये?" दुपारी आई तिथेच खाटेवर झोपली. घराबाहेर ती दिवसा झोपलेली मी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

मला त्या दिवशी एक गोष्ट नीट कळली. घड झाडावर आणखी दोन दिवस राहू शकतो, चार राहू शकत नाही. मामा जेवतानाही फोनकडे बघत होते. वर्षभर पाणी, खत, वादळाची धास्ती, आणि शेवटी सगळं एका फोनवर. लेकीने विचारलं, "आजोबा, भाव तुम्ही का नाही सांगत?" मामा तिच्याकडे बघत राहिले आणि मग तिच्या ताटात आणखी एक पुरी वाढली.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या व्यापाऱ्याची गाडी आली. पहाटे धुक्यात आम्ही बांधावर उभ्या. एक जण विळ्याने घड सोडवतो, दुसरा तो खाली पडू न देता खांद्यावर झेलतो आणि पळत बाहेर आणतो. लेकीने फण्या मोजायला मदत केली आणि व्हायचं तेच झालं, फ्रॉकवर चीक. डाग गेला नाही. फ्रॉक तिने टाकू दिला नाही. सालदाराच्या मुलीशी तिची घट्ट गट्टी जमली. तिने केळफुलाच्या पाकळ्यांच्या होड्या करायला शिकवल्या आणि त्या पाटाच्या पाण्यात सोडल्या.

भरीत पऱ्हाटीवरचं, शेतातच. कळण्याची भाकरी आईला इतकी आवडली की मामींनी पीठ बांधून दिलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: लॉज स्वच्छ पण अगदी साधा होता, गरम पाणी बादलीने मिळालं. तिघी असूनही कुठे भीती वाटली नाही, मात्र अंधार पडल्यावर आम्ही रस्त्यावर फिरलो नाही. पालला अर्धा दिवस पुरला. चढावर आईला गाडीतच बसवलं. चांगदेवला जायचं ठरवलं होतं, तापी-पूर्णेचा संगम पाहायचा होता, पण तिसऱ्या दिवशी सकाळी आईच म्हणाली, मामींकडे जाऊ. तिथेच गेलो.

पांझरा दादा, आईने विचारायला सांगितलंय: फड पाहायला कोणत्या महिन्यात यावं?

पांझरेचं पाणी

जानेवारीत या, ताई. गहू उभा असतो आणि पाटाला पाणी असतं. आईंना म्हणावं, बंधाऱ्यापर्यंत गाडी जाते, चालावं लागणार नाही.